आमच्या घरातला तमंचा : झाडावा की नाही?



खंडेनवमीला माझ्या माहेरी अजून शस्त्रपूजन होतं. शस्त्रं म्हणजे काय, तर म्यान हरवलेली एक तलवार, दोन कोयते, दादाचे पाने-पक्कड, नातवंडांचा लॅपटॉप, आणि पाटाच्या मधोमध तमंचा. पिस्तुलाला आमच्या घरात तमंचाच म्हणतात. वीतभर नळी, शिसवीसारखा काळा दस्ता, त्यावर पितळेची पट्टी. सिन्नरकडच्या आमच्या मूळ गावातून माझे वडील नाशकात आले तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर तोही आला. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, आता दादाच्या नावावर आहे. निवडणूक जाहीर झाली की दादा तो कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करतो आणि निकालानंतर परत आणतो. ऐंशीच्या घरातला माणूस एका निकामी वाटणाऱ्या लोखंडासाठी रांगेत उभा राहतो, याचं आम्हाला नेहमी हसू यायचं.

आता येत नाही. का, तेच सांगायला बसले आहे.

तमंच्याची घरातली गोष्ट अशी. पणजोबांच्याही आधीचे कुणी पूर्वज गावचे कुलकर्णी होते. एका रात्री दरोडेखोर वाड्यावर चालून आले. पूर्वजांनी दिंडीतून तमंचा झाडला, म्होरक्या पडला, बाकीचे पळाले. ही गोष्ट मी आजोबांकडून ऐकली, वडिलांकडून ऐकली, आणि शाळेत इतिहास शिकवताना वर्गाला रंगवून सांगितली सुद्धा. कबूल करते.

२०२३ च्या दसऱ्याला दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अमेरिकेहून आला होता. तो सिनसिनाटीला असतो. तिथून तासाभराच्या अंतरावर इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं खेडं आहे. नाव मैत्री, आणि धंदा बंदुकांचा! तिथे ठासणीच्या बंदुकांच्या हौशी लोकांची १९३३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना आहे आणि वर्षातून दोनदा मोठे नेमबाजीचे सामने भरतात. भाचा तिथे जाऊ लागला होता. त्याने पूजेच्या पाटावरचा तमंचा बघितला आणि म्हणाला, "आत्या, हा चालू स्थितीत असेल गं. नीट तपासून, अर्धीच दारू घालून, वर्षातून एकदाच झाडायला काय हरकत आहे? दरवर्षी दसऱ्याला एक बार. तलवार तर तुम्ही म्यानातून काढताच की!"

दादा काही बोलला नाही. घरात इतिहासाची बाई मी, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

खरं सांगते, त्याचं म्हणणं मला पहिल्या दमात खोडून काढता आलं नाही. मी स्वतःच नेहमी म्हणते की वस्तू वापरात राहिली तरच जिवंत राहते. तंबोरा वाजवला नाही तर नुसता भोपळा उरतो. आईचं जातं मी दर संक्रांतीला मूठभर धान्य घालून फिरवते. मग तमंच्याने काय पाप केलं? भाचा म्हणाला, कोडगूत बघ. तिथले कोडव लोक कैलपोळ्दच्या सणाला बंदुकांची पूजा करतात आणि मग उंच झाडावर बांधलेल्या नारळावर नेम धरतात. इंग्रजांच्या काळापासून त्यांना परवान्यातून सूट आहे आणि भारत सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. हे त्याचं म्हणणं खरं आहे.

मी म्हटलं, आपल्याच गावातलं उदाहरण घे. आपलं नाशिक हे तोफखान्याचं गाव. नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा. दिल्लीला प्रजासत्ताक दिनी २१ तोफांची सलामी देतात, ती वर्षानुवर्षं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या २५ पौंडी ब्रिटिश तोफांनी द्यायचे. म्हणजे जुन्या तोफा झाडायच्याच. पण कशा? गोळ्याशिवाय, नुसत्या दारूचा बार. दिमतीला शिकलेले गोलंदाज, तपासणारे कारागीर. आणि तरीसुद्धा २०२३ पासून त्यांच्या जागी १०५ मिलिमीटरच्या भारतीय तोफा आल्याच. जुनं झालं की लष्करसुद्धा विसावा देतं. आपल्याकडे तपासणारा कोण? दादा?

दादा तेवढ्यात हसला.

आता थोडं या यंत्राविषयी, कारण माझ्या वाचकांत माझ्यासारख्या बंदूक हातात न धरलेल्याच जास्त असतील. ठासणीच्या पिस्तुलात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू घालायची. ही दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. वर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि मग गजाने ठासायचं. पूर्वी ती पेटवायला तोडा किंवा चकमक असे. फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीचा भपका दिसला की पक्षी उडून जात, म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे १८२० च्या दशकात तांब्याची टोपी आली. नळीच्या मागच्या छोट्या पोकळ टोकावर ती बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते.

आमचा तमंचा या टोपीच्या जातीचा. नळीवर एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि वर मुकुट असा बारीक ठसा आहे. आजोबा त्याला पेशव्यांची मुद्रा म्हणायचे. भाच्याने भिंग लावून बघितलं आणि हळूच म्हणाला, "आत्या, हा बर्मिंगहॅमचा ठसा आहे." तिथे १८१३ मध्ये कायद्याने परीक्षागृह उभं राहिलं. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू घालून ती झाडून बघायची, फुटली नाही तर ठसा मारायचा. म्हणजे पेशव्यांनी दिलेला वगैरे काही नाही. इंग्रज कारखान्यातला माल, टोपीचा आहे म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरचा. घरातल्या गोष्टीचा पहिला दगड तिथेच निखळला.

आणि तो ठसा म्हणजे दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं प्रगतिपुस्तक. तेव्हा पास झालेला विद्यार्थी आज पास होईलच असं नाही, हे शिक्षकाला वेगळं सांगायला नको! काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. बार झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल दिलं नाही तर आतून गंज चढतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. शिवाय फ्रान्समध्ये १८८४ मध्ये बिनधुराची दारू निघाली. तिचा दाब वेगळाच. अशी आधुनिक दारू जुन्या नळीत घातली तर नळी हातातच फुटू शकते. जुन्या काळात तर नव्या तोफाही फुटत. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये स्वतःच्याच तोफेशेजारी उभा होता, ती फुटली आणि त्यात तो मेला.

भाच्याला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो म्हणाला, "म्हणूनच तर नीट आणि क्वचित म्हणतोय." मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला.

नाशिक आणि पिस्तूल म्हटलं की कुठल्याही नाशिककराला एकच गोष्ट आठवते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, संगीत शारदाचा प्रयोग, आणि कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी झाडलेल्या गोळ्या. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, त्यांतलं पिस्तूल या कटात वापरलं गेलं. अमेरिकन माणसाने रचना केलेली, बेल्जियममधल्या कारखान्यात घडवलेली ही हत्यारं खिशात मावत आणि भराभर झाडता येत. त्याआधी दोनच महिने, २६ ऑक्टोबर १९०९ ला, हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानच्या इतो हिरोबुमीला मारलं तेही ब्राउनिंगनेच. नाशकात जो मेला तो संस्कृत जाणणारा अधिकारी होता, आणि ज्याने मारलं तो अठराच्या आसपासचा विद्यार्थी होता. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली. मी हा धडा शिकवताना वर्ग नेहमी गप्प व्हायचा.

मी भाच्याला विचारलं, "कान्हेऱ्यांचं पिस्तूल तुझ्या हातात दिलं, तर दसऱ्याला त्याचा बार काढशील?"

तो म्हणाला, "छे!"

"का?"

"ते... तसं नाही करत कुणी."

तेच तर. साराजेव्होला १९१४ मध्ये ज्या पिस्तुलातून ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला, तेही ब्राउनिंगच. ते जेझुइट पाद्र्यांनी जपून ठेवलं होतं, २००४ मध्ये व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयाला दिलं. तिथे ते काचेमागे आहे. त्याने जे बोलायचं ते एकदाच बोलून झालं. त्याला पुन्हा बोलायला लावणं म्हणजे साक्षीदाराला तमाशात नाचवणं.

भाचा क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "पण आत्या, ती गोष्ट त्यांची. आपल्या तमंच्याने असं काय बघितलंय? एक दरोडेखोर. तोही खरा की खोटा कुणाला ठाऊक."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तर तमंच्याने दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने अंगणात सतरंजी अंथरली. झाडायचं नव्हतं, नुसतं तपासायचं होतं. फ्रेंडशिपला म्हणे पहिला धडा हाच देतात : ठासणीचं जुनं हत्यार हातात आलं की ते भरलेलंच आहे असं समजा. त्याने उदबत्तीच्या काडीहून जाड अशी एक सरळ बांबूची काडी घेतली, नळीत टेकेपर्यंत घातली, तोंडाशी पेन्सिलीने खूण केली. मग तीच काडी बाहेरून नळीला लावली. आतून काडी टोपीच्या टोकापर्यंत पोचायला हवी होती. ती दोन बोटं आधीच थांबली होती.

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा दोन बोटं.

"आत्या," तो म्हणाला, "सगळे मागे सरका. हा भरलेला आहे."

मंडळी, मी नऊ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत हाच तमंचा कपाटातून काढून दादाच्या कपाळावर धरला होता. घोडा ओढला होता. चाप दाबला होता. खट् असा आवाज आला आणि दादा खोटाखोटा मरून पडला. आम्ही पोट धरून हसलो होतो. टोपी नव्हती म्हणून, बाकी काही कारण नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा पेटते. अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या १८६३ च्या लढाईनंतर रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या, त्यांतल्या बहुतेक भरलेल्याच होत्या असं वाचलेलं आठवलं. ते वाक्य मी परीक्षेच्या पेपरातल्या रिकाम्या जागेसारखं वाचलं होतं. आता माझे पाय गार पडले. दादाने माझ्याकडे बघितलं. त्यालाही तेच आठवलं असणार. आम्ही दोघंही बोललो नाही.

पुढचं रीतसर झालं. दादाने पोलीस ठाण्यात कळवलं, परवाना असलेल्या दुरुस्ती-कारागिराकडे तमंचा पोचवला. त्याने नळीत तेल सोडून काही दिवस दारू भिजू दिली. मग गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून आतलं सगळं हळूहळू ओढून काढलं. दादाने ते एका पितळी डबीत घालून घरी आणलं. पांढुरका थर चढलेली शिशाची गोळी, काळा चिखल, आणि एक चिंधी.

चिंधी मी हातात घेतली. पुरुषांना ती चिंधीच दिसली. पण एका बाजूला तिची वीण घट्ट होती, तेलाने काळवंडूनही गडद लाल रंगाची रेघ कळत होती. तो लुगड्याचा काठ होता.

मी बराच वेळ ती धरून बसले. म्हणजे हा तमंचा निदान शेवटचा कधी भरला तेव्हा घाईने कुणाच्या तरी लुगड्याचा काठ फाडला होता. कुणी दिला, की तिनेच ठासला? आमच्या गोष्टीत बाई नव्हतीच! आणि भरल्यानंतर तो झाडलाच नाही. म्हणजे या शेवटच्या बाराची तरी खरी गोष्ट शौर्याची नाही, भीतीची आहे. कुणीतरी रात्रभर दिंडीमागे बसलं, सकाळ झाली, आणि मग भरलेलं हत्यार कपाटात ठेवून सगळे विसरले.

भीती कोणाची? आमच्या भागाचा इतिहास पुन्हा उघडला. ऑक्टोबर १८५७ मध्ये सिन्नरजवळ नांदूर-शिंगोट्याला भागोजी नाईक यांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. दोन वर्षं हा सगळा मुलूख धगधगत होता. नोव्हेंबर १८५९ मध्ये सूटर नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीशी लढताना भागोजी नाईक पडले. सरकारी कागदात ते बंडखोर आणि लुटारू, आज आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. मग १८७५ चे दख्खनचे दंगे. पुणे-नगरकडे कर्जात बुडालेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. आमचे पूर्वज कुलकर्णी, लेखणी त्यांच्या हातात. थोडी सावकारीही असणार, नसेल कशावरून? आणि मग १९४८ चा जानेवारी-फेब्रुवारी. गांधीजींच्या खुनानंतर महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं जळाली. यांतली कुठलीही एक रात्र असेल. पण यांतल्या एकाही रात्री दाराबाहेर नुसते 'दरोडेखोर' नव्हते. भुकेले, नाडलेले, चिडलेले लोक होते. दाराच्या आत घाबरलेली बाई होती. पस्तीस वर्षं मी वर्गात दाराच्या एकाच बाजूची गोष्ट सांगितली.

इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा करून सामान्य माणसाला निःशस्त्र केलं. हा कायदा लोकांना इतका लागला होता की गांधीजींनी १९३० मध्ये व्हाइसरॉयसमोर ठेवलेल्या अकरा मागण्यांत आत्मसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने ही एक मागणी होती. अहिंसेच्या पुजाऱ्याची! म्हणून परवाना ही नुसती कटकट आहे असं मी म्हणणार नाही, तो मिळवलेला हक्कही आहे. पण स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यात जुन्या वस्तूंविषयी एक शहाणपणाची ओळ आहे. कालबाह्य किंवा पुराण वस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल, तरच ते परवान्याच्या कक्षेबाहेर. झाडता येण्याजोगं असेल तर ते हत्यारच, मग कितीही जुनं असो. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने १८९८ पर्यंत घडवलेलं हत्यार 'पुराणवस्तू' ठरतं. भाच्याचा गोंधळ तिथेच झाला होता. इकडे परवाना दादाचा, त्याच्या मुलाचा नव्हे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

तर मंडळी, प्रश्न होता जुनं पिस्तूल जपून, क्वचित झाडावं का. ज्याच्याकडे एकाच घडणीची अनेक हत्यारं आहेत, परवाना आहे, नेमबाजीची रीतसर जागा आहे, जाणत्या कारागिराने नळी तपासली आहे, जो काळी दारूच आणि तीही कमी वापरतो, डोळ्यांना आणि कानांना संरक्षण घेतो, आणि त्याच दिवशी नळी धुतो, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. असे लोक जुनी विद्या टिकवून आहेत. काडीने नळी मोजायची ही विद्या त्यांनीच माझ्या भाच्याला दिली, नाहीतर आमच्या घरात आणखी दोन पिढ्या मुलं चाप दाबत राहिली असती. पण घरात एकुलतं एक असलेलं, पिढीजात हत्यार? माझं उत्तर नाही. त्यात काय दडलंय हे झाडणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि झाडल्यावर ते कुणालाच कळत नाही. त्या दिवशी बार झाला असता तर आवाज झाला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि लुगड्याचा काठ धूर होऊन गेला असता.

भाच्याला हे पटलं. इटलीत जुन्या पिस्तुलांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवतात, त्यांतली एक त्याने अमेरिकेत घेतली. आंतरराष्ट्रीय सामन्यांतसुद्धा अस्सल आणि प्रतिकृती असे वेगळे गट असतात म्हणे. तो फ्रेंडशिपला मनसोक्त बार काढतो. परवा त्याने फोटो पाठवला, तोंड काजळी लागल्यासारखं काळं.

इकडे तमंचा रिकामा आहे. पूजा होते, पण ओलं हळद-कुंकू आता पाटाला लावतो, लोखंडाला नाही. गोळी आणि चिंधी त्याच पितळी डबीत आहेत. डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे, पुढच्या पिढीतल्या कुणासाठी : हे २०२३ मध्ये भरलेलं सापडलं. काठ लुगड्याचा आहे. झाडलेलं नाही.

आणि दादा अजूनही निवडणूक आली की रांगेत उभा राहतो. गेल्या खेपेला मी त्याच्याबरोबर गेले होते.